शाळेंत असतांच महाविद्यालयाचा एक पाठ



दहावीचा निकाल लागून प्रवेशाची धामधूम संपली म्हणजे आमच्या मलकापुरांत दरवर्षीं एक दृश्य दिसतें. महामार्गाच्या कडेला पुण्याच्या गाडीची वाट पाहत पंधरा-सोळा वर्षांचीं दोन-चार मुलें उभीं असतात. हातांत नवी बॅग, खिशांत गुणपत्रिका, शेजारीं वडील, आणि जरा मागें सरून डोळ्यांस पदर लावणारी आई. मुलाचें नांव मोठ्या शहरांतील नामांकित ख्रिस्ती महाविद्यालयांत लागलें, याचा अभिमान सर्वांच्या मुखावर असतो. आणि तो योग्यहि आहे. परंतु यांतलेंच एखादें मूल दिवाळीच्या सुटींत घरीं येतें तें परत जाण्याचें नांव काढीत नाहीं, ही गोष्टहि आम्ही पाहिली आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांतील एक मुलगी अशीच परत आली. दहावीस तिला उत्तम गुण होते. प्रश्न विचारावा आणि तिनें पुस्तकांतील उत्तर स्वल्पविरामासकट म्हणून दाखवावें, अशी तिची ख्याति होती. आम्ही विचारपूस केली तेव्हां ती म्हणाली, "सर, तिथं कुणी उत्तर लिहून देत नाहीं. शिक्षक बोलत जातात, तास संपतो, आणि वहींत कांहींच नसतं." पुढें तिनें गांवाजवळच आपलें शिक्षण पुरें केलें व ती आज सुखांत आहे; परंतु तिचें तें वाक्य आमच्या मनांतून गेलें नाहीं. उत्तर पाठ करण्यास आम्ही तिला शिकविलें होतें. उत्तर शोधण्यास शिकविलें नव्हतें. दोष तिचा नव्हता, महाविद्यालयाचाहि नव्हता. दोष आमचा होता.

त्यानंतर पुष्कळ विचार करून आम्ही ज्या निर्णयास आलों तो असा: शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत प्रत्येक होतकरू विद्यार्थ्यानें, घरीं राहून व आपल्या शिक्षकांच्या देखरेखीखालीं, ख्रिस्ती महाविद्यालयांत शिकवितात त्या प्रतीचा एक तरी अभ्यासक्रम पुरा करावा. एकच, पण पुरा. त्याचे लाभ कोणते, मर्यादा कोणत्या, व तो कसा करावा, हें क्रमानें सांगण्याचें येथें योजिलें आहे.

जुनी वाट

कोणी म्हणेल, शाळा ती शाळा व कॉलेज तें कॉलेज. एकाचें काम दुसऱ्याच्या गळ्यांत कां घालावें? परंतु आपल्या देशांतील ख्रिस्ती महाविद्यालयांचा इतिहास पाहतां हा भेद मागाहून आलेला दिसतो. डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं मुंबईस आंब्रोळी येथें इंग्रजी शाळा काढली. चारच वर्षांनीं, १८३६ सालीं, तिला महाविद्यालयीन वर्ग जोडला गेला. आज गिरगांव चौपाटीसमोर उभें असलेलें विल्सन कॉलेज हा त्याच शाळेचा विस्तार होय. नागपुरास स्टीफन हिस्लॉप यांनीं १८४६ सालीं शाळा घातली. त्याच कार्यांतून १८८३ सालीं हिस्लॉप कॉलेज निघालें. कलकत्त्यास अलेक्झांडर डफ यांची १८३० ची शाळा, मद्रासेस १८३७ ची स्कॉटिश मिशनची शाळा, यांचीहि कथा हीच. कॉलेज स्वतंत्र पायावर बांधलें गेलें नाहीं. शाळेवरच माडी चढली. पुढें १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें, १८५९ सालीं त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली, आणि या दोन मजल्यांमध्यें दार बसलें. त्यापूर्वीं विद्यार्थ्याची तयारी हाच त्याचा परवाना असे.

आपल्या सातारा जिल्ह्याशीं संबंध असलेलें एक उदाहरण घ्या. महात्मा जोतीराव फुले यांचें मूळ घराणें खटाव तालुक्यांतील कटगुणचें. पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेंत ते १८४१ पासून १८४७ पर्यंत शिकले. त्या शिक्षणाच्या अखेरीस, वीस वर्षांच्या वयांत, त्यांनीं थॉमस पेन याचा मानवी हक्कांवरील ग्रंथ वाचला. शाळकरी अभ्यासाच्या कितीतरी पुढचें असें हें वाचन. शिवाय या ग्रंथकाराचीं धर्मविषयक मतें मिशनऱ्यांस रुचणारीं नव्हतीं. तरीहि मिशनच्या शाळेंत मिळालेल्या इंग्रजीच्या बळावर तो ग्रंथ त्यांच्या हातीं उघडला. पुढच्याच वर्षीं, १८४८ मध्यें, अहमदनगर येथील मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहून आल्यावर त्यांनीं पुण्यास मुलींची शाळा काढली. एका मोठ्या ग्रंथाचें वेळेवर झालेलें वाचन माणसाला कोठवर नेतें, याचें याहून जवळचें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

सुमारें १९७५ पासून महाराष्ट्रांत दहा-दोन-तीन ही रचना आली व अकरावी-बारावीचे वर्ग पुष्कळ ठिकाणीं महाविद्यालयांस जोडले गेले. त्यामुळें आपला विद्यार्थी पंधराव्या-सोळाव्या वर्षींच कॉलेजच्या इमारतींत जाऊन बसतो. अभ्यास मात्र मंडळाच्याच पुस्तकाचा. देह वरच्या मजल्यावर आणि मन खालच्या, अशी ही अवस्था आहे. वर्ग बदलतो, शिकविण्याची रीत बदलते, भाषा बहुधा इंग्रजी होते; परंतु स्वतः वाचून विचार करण्याची संवय लावण्याचें काम कोणाचें, हें कोणीच ठरविलेलें नसतें.

परदेशांतील एक प्रयोग

याच अडचणीवर अमेरिकेंतील एका ख्रिस्ती विद्यापीठानें काढलेली तोड लक्षांत घेण्याजोगी आहे. आपल्या बंगालमध्यें कॅरी, मार्शमन व वॉर्ड यांनीं सेरामपूर कॉलेज स्थापिलें तें १८१८ सालीं. त्याच सालीं मिसिसिपी नदीच्या कांठीं सेंट लुई येथें ज्या विद्येचें बीज पडलें, तिचेंच पुढें जेजुइट पंथाचें सेंट लुई विद्यापीठ झालें. या विद्यापीठानें १९५९ पासून, आपल्या स्थापनेच्या सालाचेंच नांव देऊन, एक योजना चालविली आहे. तींत शाळकरी मुलें विद्यापीठांत जात नाहींत. विद्यापीठाचा पाठ शाळेंत येतो. विद्यापीठानें पारखून मान्य केलेले शाळेचेच शिक्षक विद्यापीठाचा अभ्यासक्रम शिकवितात, आणि उत्तीर्ण झालेल्या मुलास विद्यापीठाचें श्रेय मिळतें. मुलगा आपल्या घरीं जेवतो, आपल्या अंथरुणावर निजतो, आणि विद्या मात्र एक पायरी वरची घेतो. मलकापुरासारख्या गांवास, जेथून पुणें सुमारें १६० किलोमीटर आहे, या योजनेंतील हेंच तत्त्व उपयोगाचें आहे.

आपल्याकडेहि दार थोडें किलकिलें होत आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर २०२१ मध्यें श्रेयांकांची पेढी निघाली, व २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानें शालेय अभ्यासासहि त्याच मापांत बसविलें. श्रेयांक म्हणजे श्रमाचें माप. या आराखड्याप्रमाणें वर्षाचे १२०० तासांचे श्रम म्हणजे ४० श्रेयांक. अर्थात् एका श्रेयांकास तीस तास. २०१७ सालीं सुरू झालेल्या 'स्वयम्' या सरकारी व्यासपीठावर महाविद्यालयीन प्रतीचे अभ्यासक्रम कोणासहि विनामूल्य पाहतां येतात. प्रमाणपत्राच्या परीक्षेस तेवढें शुल्क पडतें.

लाभ कोणते

पहिला लाभ हा कीं, विद्यार्थी ऐकतां ऐकतां टिपण करण्यास व सबंध पुस्तक वाचण्यास शिकतो. शाळेंत आम्ही पुस्तकाचे घांस करून भरवितों. महाविद्यालयांत ताट पुढें ठेवितात. जेवतां येणें हें ज्याचें त्यानें शिकलें पाहिजे. आणि तें घरीं शिकलेलें बरें.

दुसरा लाभ, आवडीची परीक्षा. शास्त्र शाखा कीं कला शाखा, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा गुणांवरून सुटतो. मुलाच्या मनास कोणी विचारीत नाहीं. आठ आठवडे एका विषयाशीं झुंजल्यावर तो विषय आपला कीं नव्हे हें मुलास कळून येतें. शहरांत वर्षभराचें शुल्क व खानावळीचा खर्च भरून तीच गोष्ट कळण्यापेक्षां ही परीक्षा पुष्कळ स्वस्त आहे.

तिसरा लाभ आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. ख्रिस्ती महाविद्यालयाचा पाठ म्हणजे केवळ बायबलचा तास नव्हे. तेथें इतिहास, तर्क, विज्ञान व साहित्य शिकवितांना सत्य काय व कर्तव्य काय, हे प्रश्न आपोआप उभे राहतात. असे प्रश्न प्रथम भेटतात ते वसतिगृहांत, रात्रीं, एकटे असतां, असें पुष्कळांच्या बाबतींत होतें. मग कोणी श्रद्धा टाकतो, कोणी विचार करणेंच टाकतो. तेच प्रश्न घरीं असतां भेटले, तर आईवडील जवळ असतात, पाळक जवळ असतात, आम्ही शिक्षक जवळ असतों. शंका घेऊन मुलानें आमच्याकडे यावें. शंकेला भिऊन कोणाची श्रद्धा वाढली नाहीं.

जीं कुटुंबें ख्रिस्ती नाहींत त्यांस येथें एक गोष्ट स्पष्ट सांगणें आमचें कर्तव्य आहे. भारतीय राज्यघटनेच्या तिसाव्या कलमानें अल्पसंख्य समाजांस आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. परंतु अठ्ठाविसाव्या कलमान्वयें सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेंत कोणासहि त्याच्या संमतीवांचून, आणि अज्ञान मुलास पालकांच्या संमतीवांचून, धर्मशिक्षणास बसवितां येत नाहीं. हा अभ्यासक्रम निवडतांना पालकांनीं तो आधीं स्वतः वाचावा, विचारावें, आणि मगच होकार द्यावा. ज्ञानाचें काम उजेडांत व्हावें, हेंच आम्हांस इष्ट आहे.

चौथा लाभ वेळेचा व पैशाचा. पुष्कळजण हाच पहिला सांगतात. आम्ही शेवटीं ठेवितों. कारण शाळेंत मिळविलेलें श्रेय पुढें मोजलें जाईल कीं नाहीं, तें त्या त्या विद्यापीठाच्या व महाविद्यालयाच्या नियमांवर अवलंबून आहे. दहावी व बारावीच्या परीक्षा कोणासहि चुकवितां येत नाहींत. जो केवळ एक वर्ष वांचावें म्हणून या वाटेनें जाईल त्याची बहुधा निराशा होईल.

एक नमुना

पहिला अभ्यासक्रम कोणता घ्यावा? आमचें मत असें कीं तो मातृभाषेंत असावा. महाविद्यालयीन विचार आणि परकी भाषा हीं दोन ओझीं एकदम डोक्यावर दिलीं म्हणजे मूल वांकतें, आणि आपण समजतों कीं त्याला बुद्धि नाहीं. यास्तव 'मराठी ख्रिस्ती वाङ्मय' हा विषय आठ आठवड्यांसाठीं कसा घेतां येईल, तें नमुन्यादाखल दाखवितों.

पहिले दोन आठवडे फादर स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण. शाळेंतला प्रश्न असा असतो: हा ग्रंथ कोणी व केव्हां लिहिला? त्याचें उत्तर एका ओळीचें. इंग्लंडांत जन्मलेले स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले, व दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ सालीं छापला गेला. महाविद्यालयाचा प्रश्न याच्या पुढें सुरू होतो: लॅटिन व पोर्तुगीज हाताशीं असतां या परकीयानें मराठी ओवीच कां धरली? त्याच्या श्रोत्यांचे कान कशास सरावलेले होते? याचें उत्तर एका पुस्तकांत मिळत नाहीं. ज्ञानेश्वरींतील दहा ओव्या व ख्रिस्तपुराणांतील दहा ओव्या शेजारीं ठेवून मोठ्यानें वाचाव्या लागतात. कोठें साम्य, कोठें भेद, हें स्वतःच्या कानानें ठरवावें लागतें.

पुढील दोन आठवडे बाबा पदमनजी यांचें यमुनापर्यटन. बाबा १८३१ सालीं बेळगांवीं जन्मले व मिशनच्या शाळांत शिकले; हें पुस्तक १८५७ सालचें, म्हणजे त्यांच्या सव्विसाव्या वर्षाचें. त्याच्या आदल्याच वर्षीं, १८५६ मध्यें, विधवाविवाहाचा कायदा झाला होता. यमुना पतीसह प्रवासास निघते, वाटेंत नाना ठिकाणच्या विधवांचीं दुःखें पाहते, आणि पुढें तिच्यावरहि तोच प्रसंग येतो. अखेरीस ती ख्रिस्ती होऊन पुन्हां विवाह करते. विद्यार्थ्यास विचारावें: ही कथा आहे कीं निबंध? कायदा झाला असतां हें पुस्तक लिहिण्याची गरज लेखकास कां भासली? शेवट तुम्हांस पटतो काय? पटत नसल्यास कारण लिहा. "पटत नाहीं" असें लिहिणाऱ्यास, कारण सबळ असल्यास, पूर्ण गुण मिळावे. हीच महाविद्यालयाची रीत, आणि आम्ही म्हणतों, हीच ख्रिस्ती रीत. बळजबरीनें मिळविलेला होकार देवासहि नको असतो.

पांचव्या व सहाव्या आठवड्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळक. आपल्या आयुष्याच्या अखेरच्या पर्वांत टिळक साताऱ्यास होते. १९१७ सालीं त्यांनीं 'देवाचा दरबार' सुरू केला, आणि १९१९ मध्यें ते निवर्तले. ज्या कवीचीं भजनें आपण रविवारीं उपासनेंत गातों तो आपल्याच जिल्ह्यांत वावरला, हें पुष्कळ मुलांस ठाऊक नसतें. त्यांचीं पांच भजनें घ्यावीं, आणि वारकरी अभंगाशीं त्यांचें नातें काय तें शोधावें.

शेवटचे दोन आठवडे लक्ष्मीबाई टिळक यांचीं स्मृतिचित्रें. लक्ष्मीबाई शाळेंत गेल्या नव्हत्या. पुढें त्यांनीं १९३४ पासून भागाभागांनीं प्रसिद्ध झालेलें असें आत्मचरित्र लिहिलें कीं मराठींत त्याची जोड मिळणें कठीण, आणि पतीनें आरंभिलेलें ख्रिस्तायन हें काव्यहि पुरें केलें. येथें प्रश्न असा: १८९५ सालीं टिळकांचा बाप्तिस्मा झाला; निर्णय एकाचा, वियोग दुसऱ्याचा. ज्यानें पाऊल उचललें त्याची बाजू व जी मागें राहिली तिची बाजू, दोन्ही न्यायानें मांडून दोन पानें लिहा. असा निबंध लिहितांना विद्यार्थी वाङ्मय तर शिकतोच. शिवाय घरांतल्या दुसऱ्या माणसाच्या मनांत शिरण्यासहि शिकतो.

याच धर्तीवर विज्ञानाची आवड असणाऱ्यानें पदार्थविज्ञानाचा किंवा जीवशास्त्राचा एक लहान अभ्यासक्रम घ्यावा. ज्या मुलींस परिचर्येच्या व्यवसायांत जावयाचें आहे त्यांनीं आरोग्यशास्त्राचा घ्यावा, आणि डॉ. वॉन्लेस यांनीं १८९४ सालीं मिरजेस उघडलेल्या रुग्णालयाचा इतिहास त्यासोबत वाचावा.

सावधगिरी

आतां मर्यादा. बुरूज बांधूं पाहणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, हा प्रभूचा दृष्टान्त येथें अक्षरशः लागू आहे. ज्याचें नववीचें गणित कच्चें आहे त्यानें आधीं तें पक्कें करावें; पाया सोडून माडीची हौस धरूं नये. एका वेळीं एकच अभ्यासक्रम घ्यावा. दहावीच्या वर्षीं दिवाळीनंतर नवें कांहीं आरंभूं नये. नववीनंतरची मे महिन्याची सुटी हा उत्तम काळ. पैसे भरून श्रेय देऊं करणारी कोणतीहि संस्था असो, ज्या महाविद्यालयांत पुढें जावयाचें त्याच्याकडून तें श्रेय मान्य होईल असें लेखी घेतल्यावांचून पैसे भरूं नयेत. आणि अभ्यासक्रम अर्धा झाला असतां न झेपल्यास मुलानें तसें मोकळेपणानें सांगावें. त्यांत कमीपणा नाहीं. न झेपणारें ओझें लपविणें हेंच घातक.

पालकांस आणखी एक विनंति. शेजारच्या मुलानें केला म्हणून आपल्या मुलास अभ्यासक्रमास बसवूं नका. तसेंच, वरच्या शिक्षणासाठीं दूरच गेलें पाहिजे, हीहि समजूत सोडा. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं आपल्याच कऱ्हाड तालुक्यांत, काले येथें, रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला, व १९५४ पासून कऱ्हाडास तिचें महाविद्यालय आहे. कोणी तेथें जाईल, कोणी डॉ. हिवाळे यांनीं १९४७ सालीं स्थापिलेल्या अहमदनगर कॉलेजांत जाईल. कोणी मुंबईस जाईल. कोठेंहि गेला तरी आठ आठवड्यांची ही शिदोरी त्याच्या उपयोगी पडेल.

पुढल्या जूनमध्यें महामार्गाच्या कडेला पुन्हां मुलें उभीं राहतील. त्यांच्या बॅगेंत गुणपत्रिका असेलच. तिच्यासोबत त्यांनीं स्वतः वाचून, स्वतः विचार करून लिहिलेलीं दोन पानेंहि असावीं, एवढीच आमची इच्छा. गाडींत चढणारें मूल मग उत्तरांच्या वहीसाठीं अडून बसणार नाहीं. वही कोरी असली तर ती आपण भरावयाची असते, हें त्यास ठाऊक असेल. ज्यांस हा प्रयत्न करून पाहावयाचा आहे त्यांनीं वार्षिक परीक्षा संपतांच, पालकांस सोबत घेऊन, आम्हांस भेटावें. सुटींतले आठ शनिवार आम्ही राखून ठेविले आहेत.